हरिहर सोपा की अवघड? डोंगरवाटांवरील परस्परविरोधी सल्ल्यांचा उलगडा

नाशिक शहरातून पहाटे निघावे, गड पाहावा आणि दिवेलागणीला घरी परतावे, असे किल्ले मोजायला बसल्यास दोन्ही हातांची बोटे अपुरी पडतात. जिल्ह्यात साठाहून अधिक गिरिदुर्ग असल्याचे दुर्गअभ्यासक सांगतात. त्र्यंबक रांगेतील हरिहर, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, शहराच्या उशाशी असलेला रामशेज, बागलाणातील साल्हेर आणि सालोटा, मनमाडजवळचे अणकाई-टणकाई, इगतपुरीच्या दक्षिणेस उभे असलेले अलंग, मदन आणि कुलंग हे त्रिकूट ही त्यांपैकी काही ठळक नावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला आणि त्यात साल्हेरचे नाव आल्यापासून पूर्वी डोंगराकडे न वळणारी मंडळीही या वाटांची चौकशी करू लागली आहेत.

चौकशीची पहिली अडचण अशी की, उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. हरिहरला जायचे ठरवून एखाद्याने चौघांना विचारावे. कार्यालयातील सहकारी म्हणतो, ‘अहो, लहान मुलेसुद्धा चढतात, खुशाल जा.’ उत्तरकाशीहून गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेला मावसभाऊ बजावतो, ‘दोर आणि हार्नेस असल्याशिवाय पाऊल टाकू नका.’ पायथ्याच्या पाड्यातील वाटाड्या सांगतो, ‘तासाभराचं तर काम हाय.’ आणि मागच्या श्रावणात अर्ध्यातून परतलेले शेजारचे काका ‘जाऊच नका’ म्हणतात. चौघेही डोंगरावर जाऊन आलेले आहेत आणि चौघांचाही हेतू चांगला आहे. तरीही विचारणारा अधिकच गोंधळतो आणि बहुधा स्वतःला सोयीचे वाटेल ते उत्तर उचलतो. डोंगरात हीच गोष्ट महागात पडू शकते.

वास्तविक यांतील बहुतेक सल्ले चुकीचे नसतात. ते ज्या परिस्थितीत खरे ठरतात ती परिस्थिती सांगताना गळून पडलेली असते. ऋतू कोणता होता, खडक ओला होता की कोरडा, पाठीवर किती ओझे होते, सोबत कोण होते आणि चढणाऱ्याची सवय किती होती, या गोष्टी सांगणाऱ्याच्या मनात गृहीत असतात. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र नुसते ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ एवढेच पडते.

एकाच गडाची दोन रूपे

हरिहरचेच उदाहरण घेऊ. सुमारे ११२० मीटर उंचीच्या या गडाच्या माथ्याकडे जाण्याची नेहमीची वाट कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांची आहे. प्रत्येक पायरीला हाताने धरण्यासाठी खोबण्या केलेल्या आहेत. कोरड्या ऋतूत, गर्दी नसताना आणि दोन्ही हात मोकळे असताना सर्वसाधारण प्रकृतीचा माणूस या पायऱ्या दोराशिवाय चढतो. सहकाऱ्याचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यानंतर या भागातील किल्ले इंग्रजांच्या हाती गेले आणि अनेक गडांच्या वाटा व पायऱ्या त्यांनी सुरुंग लावून नष्ट केल्या. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. अलंग आणि मदन यांच्या वाटा मात्र तुटल्या आणि आज तेथे दोर लावल्याशिवाय जाता येत नाही. म्हणजे एकाच परिसरातील दोन गडांसाठी दिलेला एकच सल्ला एका ठिकाणी अनावश्यक आणि दुसऱ्या ठिकाणी अत्यावश्यक ठरतो.

त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. याच हरिहरला एक सरळसोट कडाही आहे आणि तो ‘स्कॉटिश कडा’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी १९८६ मध्ये तो सर केला. १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून शिखर गाठणारे हेच ते स्कॉट. त्यामुळे ‘हरिहर चढलो’ असे सांगणारा माणूस पायऱ्यांनी गेला होता की कड्यावरून, हे विचारल्याखेरीज त्याच्या अनुभवाचे मोल ठरवता येत नाही. प्रस्तरारोहक आणि सहलीला गेलेला गृहस्थ हे एकाच गडाचे नाव घेतात, पण दोन निराळ्या डोंगरांविषयी बोलत असतात.

पावसाळ्यात या पायऱ्यांचे रूप पालटते. त्यांवरून पाणी वाहते, खोबण्यांत शेवाळ धरते आणि सुटीच्या दिवशी चढणाऱ्यांची व उतरणाऱ्यांची रांग एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर येते. एकाचा पाय सुटला तर खालचे तिघे-चौघे त्याच्याबरोबर जातील, अशी ती रचना आहे. गेल्या काही वर्षांत या गर्दीमुळे वन विभागाला वेळोवेळी निर्बंध घालावे लागले, ते याच कारणाने. काकांचा ‘जाऊच नका’ हा सल्ला श्रावणातील रविवारसाठी अगदी योग्य आहे. त्यांनी तो बारा महिन्यांसाठी दिला, एवढीच त्यातील चूक.

उतरताना तोंड कोणीकडे?

डोंगरात चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते, असे जाणकार सांगतात. उतरतानाच्या सल्ल्यांतच सर्वाधिक विरोध आढळतो. ‘डोंगराकडे तोंड करून उतरा’ असे एक सांगतो. ‘दरीकडे तोंड करून, पाहत पाहत उतरा’ असे दुसरा. ‘मागे रेला, म्हणजे पडलात तरी बसाल’ हे तिसऱ्याचे मत, तर ‘मुळीच मागे रेलू नका’ हे चौथ्याचे.

यातील पहिल्या दोन मतांचा निकाल उतार किती तीव्र आहे यावर लागतो. हरिहरसारख्या उभ्या पायऱ्यांवर डोंगराकडे तोंड करून शिडी उतरावी तसेच उतरायचे असते. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी खडकावर टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा, असा प्रस्तरारोहणाचा पाठ आहे. येथे दरीकडे तोंड केले तर पाठीवरची सॅक मागच्या पायरीला टेकते आणि माणसाला बाहेर ढकलते. मात्र साध्या पायवाटेच्या उतारावर डोंगराकडे तोंड करून उतरणे हास्यास्पद तर ठरेलच, पण पाऊल कोठे पडते आहे हेही दिसणार नाही.

मागे रेलण्याचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. सह्याद्रीच्या उतारांवर मुरूम आणि बारीक खडे पसरलेले असतात. भटके त्याला घसारा म्हणतात. अशा उतारावर भीती वाटली की शरीर आपोआप मागे, डोंगराच्या बाजूला झुकते. त्याबरोबर शरीराचा भार तळव्यावर सरळ न पडता तिरका पडतो, टाच पुढे ढकलली जाते आणि माणूस घसरून बसतो. म्हणून प्रशिक्षक सांगतात की गुडघे किंचित वाकवावे, पावले आखूड टाकावी, संपूर्ण तळवा टेकवावा आणि शरीराचा भार पायांच्या बरोबर वर ठेवावा. उलट पावसानंतरच्या मऊ मातीच्या किंवा जाड गवताच्या उतारावर टाच मातीत रुतवून उतरणे हीच जुनी आणि खात्रीची रीत आहे. टाच रुतली की खाच तयार होते आणि पाय तेथे थांबतो. हा अनुभव घेतलेला माणूस ‘टाच मारा’ म्हणतो आणि कोरड्या घसाऱ्यावर आपटलेला माणूस ‘टाच मारू नका’ म्हणतो.

बर्फावरून घसरण्याच्या स्कीइंगच्या खेळातही नेमका हाच वाद आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे हिवाळ्यात गुलमर्ग, औली किंवा मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात जातात. तेथे पहिल्याच दिवशी प्रशिक्षक ‘पुढे झुका, नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबा’ असे ओरडत असतो. दोन हंगाम खेळून आलेला मित्र मात्र ‘भुसभुशीत बर्फात मागे बसायचे असते’ असे सांगून मोकळा होतो. दाबलेल्या कठीण बर्फावर भार मागे गेला की पट्ट्यांची पुढची टोके हलकी होतात आणि वळणे हाताबाहेर जाते. नवशिक्या भीतीने मागे रेलतो, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा पुढे झुकायला सांगावे लागते. खोल, भुसभुशीत बर्फात पूर्वीच्या अरुंद पट्ट्यांची टोके रुतत असत. त्यामुळे भार थोडा मागे घेण्याची रीत होती. पट्ट्या रुंद झाल्यावर तिची गरज बरीच कमी झाली, पण सल्ला शिल्लक राहिला. प्रशिक्षकाचे ‘पुढे झुका’ हे वाक्यही समोरच्या शिकाऊ माणसाचा दोष पाहून उच्चारलेले असते. आधीच फार पुढे झुकणाऱ्याला तोच प्रशिक्षक सरळ उभे राहायला सांगेल. म्हणजे दुसऱ्याला दिलेली सूचना ऐकून ती स्वतःला लावणे हा डॉक्टरने शेजाऱ्याला लिहून दिलेले औषध घेण्यासारखा प्रकार झाला.

शेवाळ धरलेल्या कातळाबाबत मात्र हौशी आणि प्रशिक्षित मंडळींत मतभेद नाही. त्यावर कोणतीच युक्ती चालत नाही, वाट बदलावी हे उत्तम. गवताच्या झुबक्याला धरून स्वतःला ओढू नये, कारवीला धरायचेच असेल तर मुळाशी धरावे आणि खडकाच्या प्रत्येक पकडीवर भार टाकण्यापूर्वी ती हलवून पाहावी, यावरही एकमत आहे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट दुरून अभेद्य वाटतो, परंतु त्याच्या थरांमध्ये सुटे झालेले तुकडे भरपूर असतात.

बूट, काठी आणि पाणी

बुटांविषयी नाशिकच्या कोणत्याही ट्रेकिंग गटात दोन तट असतात. एक तट घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड तळव्याचे महाग बूट घ्यायला लावतो. दुसरा तट मऊ रबरी तळव्याच्या देशी बनावटीच्या स्वस्त बुटांची शिफारस करतो. पहिला सल्ला बहुधा हिमालयातून आलेला असतो. तेथे पाठीवर पंधरा-वीस किलो ओझे असते, वाट दिवसचे दिवस दगडगोट्यांची असते आणि बर्फ तुडवावा लागतो. नाशिकच्या एका दिवसाच्या भटकंतीत ओझे पाच-सहा किलोंचे असते आणि पायाखाली बराच वेळ उघडा कातळ असतो. कातळावर कठीण तळवा घसरतो, तर मऊ रबर धरून ठेवते. पायाचा घोटा पूर्वी मुरगळलेला असेल तर उंच बुटाचा आधार अर्थातच उपयोगी पडतो. मात्र कोरे करकरीत बूट पहिल्यांदा गडावरच घालणे कोणत्याही तटाला मान्य नाही.

काठीचेही तसेच. लांबलचक उतारावर दोन काठ्यांमुळे गुडघ्यांवरचा ताण कमी होतो आणि पन्नाशी ओलांडलेल्या भटक्यांना हे वेगळे सांगायला नको. परंतु पायऱ्यांच्या किंवा कातळाच्या टप्प्यावर त्याच काठ्या हात अडवून ठेवतात. तेथे त्या सॅकमध्ये गेल्या पाहिजेत.

पाण्याबद्दल जुन्या पिढीचा सल्ला ‘चालताना पाणी पिऊ नका, दमछाक होते’ असा होता. त्यानंतर ‘तहान लागण्याआधीच भरपूर प्या’ असा प्रचार झाला. दोन्ही टोकांत धोका आहे. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्याच्या पूर्व भागात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाणी तोडून चालणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण होय. उलट, नुसते पाणी अतोनात पिण्याने रक्तातील सोडियम घटते आणि डोके दुखणे, मळमळ, भ्रम अशी लक्षणे दिसतात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियमची पातळी कमी आढळली आणि धावताना वजन वाढणे, म्हणजे गरजेहून अधिक पिणे, हे त्याचे प्रमुख कारण ठरले. आता तहानेप्रमाणे, घोट घोट आणि अधूनमधून मीठ-साखर घातलेले पाणी किंवा खारट पदार्थ, असा सल्ला दिला जातो. लिंबू सरबताची बाटली बरोबर घेणाऱ्या आजीचा सल्ला या बाबतीत दोन्ही पक्षांहून सरस होता, असे म्हणावे लागते. गडावरील टाक्यांवर अवलंबून राहणे मात्र संक्रांतीनंतर धोक्याचे. अनेक टाकी तोवर आटतात किंवा पाणी पिण्याजोगे राहत नाही.

तासाभराचे काम

वाटाड्याच्या ‘तासाभरा’चा अर्थही समजून घेतला पाहिजे. ठाकर, महादेव कोळी किंवा कोकणा समाजातील हे लोक लहानपणापासून त्याच वाटेने गुरे नेतात आणि लाकूडफाटा आणतात. साध्या प्लॅस्टिकच्या चपला घालून ते जो डोंगर तासात चढतात, त्याला शहरी पायांना दुप्पट-तिप्पट वेळ लागणारच. वाट कोणती, पाणी कोठे, दरड कोठे कोसळली, मधमाश्या यंदा कोणत्या कड्याला आहेत, याविषयी त्यांच्याइतके खात्रीचे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रधारकाजवळ नसते. वेळेबाबत मात्र त्यांचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या चालीचे असते.

वेळेचा अंदाज काढण्यासाठी स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. सपाटीवरील दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यात दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा. सहा किलोमीटरची वाट आणि नऊशे मीटरचा चढ असेल तर पावणेतीन तास होतात. हा हिशेब विश्रांती न घेणाऱ्या, सवयीच्या माणसाचा आहे. कुटुंब बरोबर असेल तर त्यात निम्म्याइतकी भर घालावी आणि उतरण्याचा वेळ वेगळा धरावा. संध्याकाळी अंधारात सापडून वाट चुकण्याचे प्रकार बहुतेक वेळा याच हिशेबाच्या अभावी घडतात.

अनुभव मोठा की शिक्षण?

‘वीस वर्षे फिरतो आहे, कधी काही झाले नाही’ हे वाक्य प्रत्येक गटात ऐकू येते आणि ते प्रभावी वाटते. थोडा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या धोकादायक सवयीमुळे दर हजार फेऱ्यांत एक अपघात होतो. पन्नास वेळा तसे वागलेल्या माणसाला एकही अपघात न होण्याची शक्यता ९५ टक्के आहे. म्हणजे अशा शंभर अनुभवी भटक्यांपैकी ९५ जण आपली सवय निर्धोक असल्याचे प्रामाणिकपणे सांगतील. आता दोन हजार विद्यार्थ्यांना त्याच टप्प्यावरून उतरवलेला प्रशिक्षक घ्या. त्याने निदान एक अपघात पाहिलेला असण्याची शक्यता ८६ टक्क्यांहून अधिक आहे. तो अधिक घाबरट वाटतो त्याचे कारण हे. त्याने स्वतःचा नव्हे, दोन हजार जणांचा अनुभव पाहिलेला असतो.

अनुभवाची नोंद ठेवली तर तो किती उपयोगी पडतो याचे उदाहरण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आहे. कोकणात विंचवाच्या दंशाने अनेक मृत्यू होत असत. १९८० च्या दशकात डॉ. बावस्कर यांनी आपल्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवून प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि एका लहान गावातील डॉक्टरचे निष्कर्ष जगभरच्या वैद्यकांनी स्वीकारले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. गावोगावी विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांनी दंश झालेली माणसे काही कमी पाहिली नव्हती. परंतु किती वाचली आणि किती दगावली, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

प्रशिक्षित म्हणजे कोण, हेही नीट विचारावे. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. मनाली आणि पहलगाम येथेही अशा संस्था आहेत. यांचा मूलभूत अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यानंतर प्रगत अभ्यासक्रम आणि त्यापुढे प्रशिक्षकांसाठीचा ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ हा अभ्यासक्रम येतो. शोध व बचावाचे शिक्षण वेगळे. केवळ मूलभूत अभ्यासक्रम केलेला तरुण चांगला शिष्य असतो. तो इतरांना कड्यावरून उतरवण्यास पात्र झालेला नसतो. शिवाय या शिक्षणाचा मोठा भाग बर्फ, हिमनद्या आणि विरळ हवा यांविषयीचा आहे. विरळ हवेचा त्रास साधारणतः अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो आणि महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. तेथे ‘हवामानाशी जुळवून घ्या’ असा उपदेश करणारा मावसभाऊ आपली हिमालयातील वही वाचून दाखवत असतो. पावसाळी बेसॉल्टवर चाळीस वेळा त्याच गडावर गेलेला हौशी भटका त्याच्याहून अधिक जाणतो. मात्र दोर बांधायची वेळ आली की दोघांच्या भूमिका पुन्हा बदलतात.

दोराच्या बाबतीत तडजोड नाही

दोराविषयीचा एक विरोधाभास नवख्यांना चक्रावून टाकतो. ‘दोर ताणला जाता कामा नये’ असे एक जाणकार सांगतो आणि ‘दोर ताणला गेलाच पाहिजे’ असे दुसरा. दोघेही बरोबर आहेत. कड्यावरून दोरावर लोंबकळत उतरायचे असते तेव्हा अत्यल्प ताणणारा ‘स्टॅटिक’ दोर वापरतात, कारण हेलकावे आणि खडकावरचे घर्षण कमी होते. उलट, खालून वर चढत जाणाऱ्या पहिल्या आरोहकाचा दोर ‘डायनॅमिक’, म्हणजे ताणला जाणारा असावा लागतो. तो पडला तर दोर ताणून धक्का शोषून घेतो. तेथे न ताणणारा दोर वापरला तर तो धक्का थेट माणसाच्या शरीरावर आणि खडकातील खिळ्यांवर येतो. बाजारात ट्रकचा माल बांधण्यासाठी मिळणारा रंगीत प्लॅस्टिकचा दोर या दोन्हींपैकी कशाच्याच कामाचा नाही. तो घर्षणाने लवकर वितळतो आणि त्याच्या ताकदीची कोणी हमी दिलेली नसते.

दोर, खिळे आणि गाठी यांच्या बाबतीत हौशी सल्ला चालत नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रातील साहसी खेळांच्या पहिल्या फळीत त्यांचे नाव घेतले जात असे. जानेवारी २०२२ मध्ये मनमाडजवळच्या ‘हडबीची शेंडी’ या सुळक्यावर उतरताना दोन गिर्यारोहकांना प्राण गमवावे लागले. अंगठा उभा केल्यासारखा दिसणारा हा सुळका रेल्वेतून जाताना सहज दृष्टीस पडतो. चांगल्या तयारीच्या माणसांवरही असे प्रसंग येतात. म्हणून प्रत्येक गाठ दुसऱ्याने तपासणे, उतरणाऱ्याच्या मुख्य दोराला जोड-आधार देणे आणि दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारणे या गोष्टी प्रशिक्षक कंटाळा न करता पुन्हा पुन्हा करवून घेतात. ‘एवढे कशाला?’ असे विचारणाऱ्या गटाबरोबर अलंग-मदनला जाऊ नये.

सरळ चुकीचे सल्ले

सर्व मतभेद परिस्थितीचे असतात असेही नाही. काही सल्ले कोणत्याही ऋतूत आणि कोणत्याही डोंगरावर चुकीचेच असतात. साप चावल्यावर जखम कापणे, विष तोंडाने ओढणे, वर करकचून पट्टी बांधणे हे त्यांपैकी होत. करकचून बांधल्याने अवयवाचा रक्तपुरवठा थांबून तो गमवावा लागू शकतो. रुग्णाला धीर द्यावा, चावलेला अवयव हाड मोडल्यावर बांधतात तसा स्थिर करावा, चालवू नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर न्यावे, एवढाच मार्ग आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर एकच बहुगुणी लस चालते. त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याच्या खटाटोपात वेळ घालवण्याचे कारण नाही.

आग्यामोहोळ उठले तर ‘निपचित पडून राहा’ असे काहीजण सांगतात. ते खरे नाही. तोंड आणि मान झाकून शक्य तितक्या लवकर दूर पळणे, हाच उपाय मानला जातो. मात्र उभ्या पायऱ्यांवर किंवा कड्याच्या काठावर पळणे दंशापेक्षा घातक ठरते. तेथे आधार न सोडता चेहरा झाकून सावकाश सुरक्षित जागी सरकावे लागते. धूर, अत्तर आणि आरडाओरडा हे टाळले तर बहुतेक वेळा हा प्रसंगच येत नाही.

ओढ्याच्या पाण्याबाबतही असेच. ‘आत्ताच गुडघाभर होते’ या साक्षीला पावसाळ्यात काही अर्थ नसतो. त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये पाणी अचानक वाढून पर्यटक पलीकडे अडकले आणि रात्री उशिरापर्यंत बचावकार्य चालले. पाऊस वरच्या खोऱ्यात पडतो आणि खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागले किंवा काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला की पात्रातून बाहेर पडावे. अलीकडे अडकलेल्यांनी तेथेच थांबावे. ओढा ओसरायला सहसा काही तासच लागतात.

कोणाला काय विचारावे

सल्ला घेणाऱ्याने ‘सोपे आहे का?’ असे विचारले की उत्तर सांगणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहते. ‘शेवटचे कधी गेला होता, कोणत्या महिन्यात, कोणत्या गावाकडून, किती वेळ लागला, बरोबर कोण होते आणि कोणी परत फिरले का?’ असे विचारले तर उत्तर वापरता येते. शेवटचा प्रश्न विशेष उपयोगाचा आहे. परत फिरलेल्यांची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इतके विचारूनही दोन मते राहिली, तर चूक झाल्यास कोणत्या मताची किंमत अधिक पडेल ते पाहावे. जादा पाणी वाहून नेल्याने खांदे दुखतील, कमी नेल्याने माणूस कोसळेल. अशा ठिकाणी सावध मत स्वीकारण्यात कमीपणा नाही.

व्यावसायिक आयोजकांबरोबर जाणाऱ्यांसाठी नियमांची चौकट उपलब्ध आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत निर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणी आहे का, गटात किती माणसांमागे एक प्रशिक्षक आहे, त्याचे शिक्षण कोणते आणि प्रथमोपचार कोणाला येतात, हे पैसे भरण्यापूर्वी विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच असते. नाशिकमध्ये ‘वैनतेय’सारख्या जुन्या गिर्यारोहण संस्था आहेत. त्यांच्या कार्यकर्त्यांनी हे डोंगर सर्व ऋतूंत पाहिले आहेत. राज्य पातळीवर अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ आहे.

गडावर जाण्यापूर्वी घरी आणि पायथ्याच्या पाड्यात जाणाऱ्यांची संख्या, वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. अनेक कड्यांच्या आडोशाला मोबाइल लागत नाही. अपघात झाल्यास जखमीला हलवण्याची घाई न करता एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दोघांनी संपर्क मिळेल तेथपर्यंत उतरून ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर कळवावे. कळवताना गडाच्या नावाबरोबर पायथ्याच्या गावाचेही नाव आवर्जून सांगावे. हरिहरच्या बाबतीत निरगुडपाडा आणि हर्षेवाडी ही दोन गावे गडाच्या दोन निराळ्या बाजूंना आहेत. मदत चुकीच्या बाजूला पोहोचली तर दिवसाचा उरलेला प्रकाश तेथेच संपतो.